‘तब्येत सुधारली की!’ : अ‍ॅनोरेक्सियाचं एक प्रकरण आणि वॉर्डातली शुश्रूषा

मुलगी १७ वर्षांची. बारावी सायन्स, नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर. उंची १५८ सेंटिमीटर. दहा महिन्यांपूर्वी वजन ५२ किलो होतं, वॉर्डात आली तेव्हा ३३.५. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १३.४, म्हणजे तिच्या वयाच्या मुलींच्या मधल्या आकड्याच्या ७० टक्क्यांहूनही कमी. आजार अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायला लावणारा मानसिक आजार. हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. अशा रुग्णांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलीभोवती गोळा केल्या आहेत, कुणा एकीची ओळख यात नाही.

ती थेट मानसोपचार विभागात आली नाही. अशा मुली क्वचितच थेट येतात. आधी पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. तिथे हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या, रक्तस्राव झाला आणि घरचे निश्चिंत झाले. पण ती पाळी गोळ्यांची होती, शरीराची नव्हती. मग वजन घटतंय म्हणून छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. आपल्याकडे वजन घटलं की आधी टीबीची शंका येते आणि ती यायलाच हवी. थायरॉइडही नॉर्मल निघालं. वजन घटल्याने आई-वडील हवालदिल झाले होते, मात्र जिचं घटलं होतं तिला त्याची चिंताच नव्हती. त्राण नाही म्हणून दवाखान्यात आणलेली मुलगी लिफ्ट सोडून तीन मजले चढून आली होती. या विसंगतीकडे कुणाचं लक्ष गेलं असतं, तर आजाराचं निदान तीन-चार महिने आधी झालं असतं.

सुरुवात कुठून झाली

अकरावीनंतरच्या सुट्टीत एका लग्नात नातेवाईक बाई तिला म्हणाल्या, “काय गं, तब्येत सुधारली की!” बोलणाऱ्या बाईंच्या मनात काही नव्हतं. पण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलीला या वाक्याचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. एका वाक्याने अ‍ॅनोरेक्सिया होत नाही, नाहीतर महाराष्ट्रात घरटी एक रुग्ण असता. ठिणगी पडली ती आधीच वाळलेल्या गवतावर.

गवत म्हणजे तिचा स्वभाव. लहानपणापासून वहीत एक खाडाखोड झाली तरी अख्खं पान नव्याने लिहिणारी, चिंता करणारी, रुसवा-राग तोंडावर न आणणारी. ‘किती शहाणी मुलगी’ असं कौतुक होत आलेली. हा परिपूर्णतेचा ध्यास आणि तीच गोष्ट पुन्हापुन्हा तपासण्याची सवय आजार येण्याच्या कितीतरी आधीपासून दिसते. त्यात आनुवंशिक वाटाही मोठा असतो, म्हणून आई-वडिलांनी काय चुकवलं हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

लातूरला गेल्यावर दर आठवड्याला सराव परीक्षा, ७२० पैकी गुण, भिंतीवर यादी. दहावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी यादीत मधे कुठेतरी. तिच्या सामानात एक वही सापडली. पानाच्या डाव्या बाजूला त्या आठवड्याचे गुण, उजव्या बाजूला दिवसभरात खाल्लेलं : ‘पोळी अर्धी, काकडी, चहा बिनसाखर’. खाली वजन, लाल शाईने, चौकटीत. डावीकडचे आकडे वरखाली होत होते. उजवीकडचा आकडा फक्त तिचं ऐकत होता. तिच्या आजाराचं मानसशास्त्र त्या एका पानावर होतं. सुंदर दिसण्याची हौस हा त्याचा लहानसा भाग. सगळं हातातून निसटत असताना एक आकडा आपल्या ताब्यात आहे, हा दिलासा मोठा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘मला बारीक व्हायचंय’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, “पोट फुगतं. जातच नाही.” हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात असेच रुग्ण नोंदवले होते. जाडीची भीती तोंडी न आणता पोट भरल्याची, फुगल्याची तक्रार करणारे. आपल्याकडेही हे सर्रास दिसतं. शिवाय तक्रार खोटी नसते. उपाशी शरीरात जठर खरोखरच सावकाश रिकामं होतं. पण नेमकं याच तक्रारीवर वॉर्डात डॉमपेरिडोन किंवा ऑन्डानसेट्रॉन ही मळमळीची औषधं लिहून दिली जातात. दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी, म्हणजे ठोक्याच्या विद्युत चक्राचा कालावधी, लांबवू शकतात आणि त्याने हृदयाची लय धोकादायक बिघडू शकते. पोटॅशियम कमी असलेल्या, मंद नाडीच्या रुग्णाला ती देण्याआधी सिस्टरने डॉक्टरांना ईसीजीची आठवण करून द्यावी.

उपवासांनी हे सगळं झाकलं. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग सोमवार, पुढे शनिवारही. घरी कौतुकच झालं. साबुदाण्याची खिचडी केली तर “मला नुसता चहा पुरे”. उपवास विचारताना ‘करतेस का’ एवढंच विचारून भागत नाही. कधीपासून, आठवड्यातून किती, त्या दिवशी काय खातेस आणि दुसऱ्या दिवशी सोडतेस कशाने, हे सगळं विचारावं लागतं.

पहिल्या दिवशीची नोंद

नाडी जागेपणी ४४. रक्तदाब ८४/५६. पाच मिनिटं आडवं ठेवून मग दोन मिनिटं उभं केल्यावर वरचा आकडा २२ ने उतरला. तापमान ३५.४ अंश. साखर ६२. हातापायाची बोटं निळसर, पाठीवर बारीक मऊ लव, मणक्याच्या हाडांवरची कातडी लाल. उकिडवं बसून उठताना हाताचा आधार लागत होता. पोटॅशियम ३.१, फॉस्फेट २.९. ईसीजीत मंद लय, क्यूटी मर्यादेत.

पोटॅशियम का कमी, हे कोडं होतं. उलट्या करत नाही म्हणाली, ‘काही औषधं घेतेस का’ यालाही नाही. संध्याकाळी सिस्टरने प्रश्न बदलला, “पोट साफ व्हायला काही घेतेस? चूर्ण, काढा?” तेव्हा बॅगेतून डबी निघाली. सोनामुखी (जुलाब करणारी वनस्पती) असलेलं चूर्ण, रोज रात्री दोन चमचे. पोटॅशियम जुलाबांतून जात होतं. चूर्णाला आपल्याकडे कुणी औषध म्हणत नाही, त्यामुळे ‘औषधं’ या रकान्यात ते कधीच येत नाही.

त्याच रात्री, आई चहाला खाली गेली असताना, सिस्टरने सरळ विचारलं, “जगूच नये असं कधी वाटतं का?” उत्तर आलं, “झोपेतून उठूच नये असं वाटतं.” विचारल्याने असा विचार मनात भरत नाही, तो बाहेर यायला वाट मिळते. या आजारात जीव जातो तो फक्त उपासमारीने नाही, आत्महत्येनेही. डॉक्टरांना लगेच कळवलं गेलं, पलंग नर्सिंग स्टेशनसमोर आणला आणि नोंद पाळी बदलतानाच्या प्रत्येक हँडओव्हरमध्ये गेली.

“निदान एक सलाईन तरी लावा हो”

आईची मागणी पहिल्या तासापासून हीच होती. याआधी गावातल्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजची सलाईन लागलीही होती. धोका नेमका इथे असतो. महिनोन्महिने उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) संपून जातं. बारीक झालेलं हृदय वाढलेलं पाणी पेलू शकत नाही. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आईला मात्र एवढंच सांगितलं, “काकू, बरेच महिने बंद असलेली मोटार आहे. एकदम पूर्ण दाबाने पाणी सोडलं तर पाइप फुटतो. तिची सलाईन म्हणजे हे दूध.”

खाणं सुरू करण्याआधी थायमिन दिलं आणि पहिले दहा दिवस चालू ठेवलं. सुरुवात साधारण १४०० कॅलरींनी. सकाळी ८ ला दीड वाटी पोहे आणि २०० मिली दूध, साडेदहाला केळं, १ वाजता एक पोळी, भाजी, वरण आणि अर्धी वाटी भात, ४ ला दूध-बिस्किटं, रात्री ८ ला एक चमचा तूप घातलेली मुगाच्या डाळीची खिचडी, साडेनऊला पुन्हा दूध. दुधावर भर मुद्दाम, कारण त्यात फॉस्फेट भरपूर असतं. दर एक-दोन दिवसांनी २०० कॅलरी वाढवायच्या. फार सावध राहून ६००-७०० कॅलरींवरच ठेवलं तर वजन आणखी उतरतं आणि तेही जिवावर बेततं. किशोरवयीन रुग्णांत ही दुसरी चूक तितकीच होते.

तिसऱ्या दिवशी फॉस्फेट १.९ पर्यंत घसरलं. आहार कापला नाही. तोंडाने फॉस्फेट सुरू केलं, कॅलरींची पुढची वाढ दोन दिवस थांबवली, रक्त रोज तपासलं. त्या दिवसांसाठी पलंगाजवळच्या कागदावर ठळक लिहिलं होतं : ‘नाडी ४० च्या खाली गेली तर कळवा, ८० च्या वर गेली तरी कळवा.’ दुसरा भाग नव्या सिस्टरना बुचकळ्यात टाकतो. नाडी ८८ म्हणजे नॉर्मलच की! पण जिची नाडी ४४ असते तिची अंथरुणात पडल्यापडल्या ८८ झाली तर ती सुधारणा समजायची नाही. पाणी साठतंय, संसर्ग झालाय किंवा हृदय थकतंय. सोबत दम, गोंधळलेपणा, हातापायांत मुंग्या आहेत का ते पाहायचं.

अंग गार म्हणून आईने गरम पाण्याची पिशवी आणली होती, ती परत दिली. कातडी पातळ आणि बधिर, भाजलेलं तिला कळणार नाही. दोन ब्लँकेटं, मोजे आणि टोपी पुरली. साखर पहाटे ३ लाही तपासली, कारण साठा नसलेलं यकृत रात्रीच दगा देतं.

सहाव्या दिवशी घोटे सुजले. रिफीडिंगमध्ये आणि चूर्ण अचानक थांबवल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं. पण तिला दिसली ती चरबी. “बघा, म्हणून मी खात नव्हते.” सिस्टरने तिचाच अंगठा घोट्यावर दाबायला लावला आणि दहापर्यंत मोजायला सांगितलं. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला. “चरबी अशी दबून राहत नाही. हे पाणी आहे, उतरेल.” ती बराच वेळ खळग्याकडे बघत होती. संध्याकाळचं दूध तिने प्यायलं.

ताटासमोरचा अर्धा तास

या आजारात औषधांचा वाटा थोडा असतो. वजन इतकं कमी असताना नैराश्याच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, आणि खोल समुपदेशनही उपाशी मेंदूत शिरत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन सुमारे चौथाईने घटलं. हे सगळे मानसिकदृष्ट्या ठणठणीत, स्वेच्छेने आलेले पुरुष. तरी ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आपल्या मुलीनेही होस्टेलवर मोबाइलमध्ये पाककृतींचे शेकडो व्हिडिओ साठवले होते आणि मैत्रिणींना आग्रह करकरून खाऊ घालत होती. ज्याला आपण तिचा हट्ट म्हणतो, त्यातला बराचसा भाग भुकेनेच घडवलेला असतो. म्हणून पहिलं औषध अन्न. आणि ते देणारी व्यक्ती म्हणजे सिस्टर.

नियम लेखी होते, तिला वाचून दाखवलेले. जेवणाला ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५. जेवणाआधी बाथरूमला जाऊन यायचं. जेवणानंतर एक तास सिस्टरच्या नजरेसमोर बसायचं. ताटात उरेल त्याच्या बदल्यात तितक्याच कॅलरींचं पेय. तेही जमलं नाही तरच नाकातून नळी. नळी ही शिक्षा म्हणून कधीही उच्चारायची नाही, ती उपचारातली शेवटची पायरी आहे. पदार्थावर घासाघीस नाही. नावडते तीन पदार्थ तिने पहिल्याच दिवशी सांगायचे, नंतर यादी बदलत नाही.

ताटासमोर काय चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पोळीचे नखाएवढे तुकडे. भात ताटाच्या कडेला पसरून कमी झाल्यासारखा दाखवणं. खिचडीवरचं तूप बोटाने गोळा करून ताटाच्या खालच्या बाजूला पुसणं. वरणाची वाटी तोंडाला लावून तशीच खाली ठेवणं. मांडीवरचा रुमाल घडी घालताना जड होणं. सारा वेळ पाय हलतोय आणि पाठ खुर्चीला टेकलेली नाही, कारण ताठ बसण्यातही कॅलरी जातात असं तिचं गणित आहे.

यावर शिकवणीचा सूर लावला की जेवण थांबतं. समोर बसायचं, जमलं तर स्वतःचाही चहा घेऊन. बोलायचं, पण कॅलरी, वजन, ‘आमच्या काळी’ यांविषयी नाही. तिला विणकाम येत होतं, तोच विषय निघायचा. हात थांबला की छोटं आणि ठाम वाक्य : “घाबरायला होतंय ते दिसतंय मला. पुढचा घास घे.” वीस मिनिटं झाली की एकदा वेळ सांगायची. रुमाल जड दिसला तर झडप घालायची नाही. “रुमाल इकडे दे, आणि त्यात गेलं तेवढं आपण परत वाढून घेऊ.” आवाज तोच. राग आजारावर, मुलीवर नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण बाराव्या दिवशी, दोन पेशंट सीरियस असताना, फार अवघड जातं.

सोळाव्या दिवशी काय चुकलं

चौदाव्या दिवशी वजन ३४.६. सूज उतरली होती, आहार २४०० कॅलरींवर पोचला होता. सोळाव्या दिवशी सकाळच्या ड्यूटीला सुट्टीवरून परतलेल्या सिस्टर मनापासून म्हणाल्या, “अगं वा, काय तेज आलंय चेहऱ्यावर! तब्येत सुधारली की!”

दुपारचं ताट जसंच्या तसं परत गेलं, पेयही अर्धंच. रात्रीच्या सिस्टरना दया आली, “आज राहू दे, उद्या खा” म्हणत त्यांनी खिचडीची वाटी सोडली. दुसऱ्या दिवशी ती दिवसपाळीला म्हणाली, “रात्रीच्या सिस्टर किती चांगल्या आहेत, समजून घेतात.” हे वाक्य वॉर्डात ऐकू आलं की समजायचं, नियमाला चीर पडली आहे. दोन दिवसांत खाणं रुमालात, खिडकीबाहेर, गादीखालच्या पिशवीत गेलं.

अठराव्या दिवशी वजनकाट्याने ३५.५ दाखवलं. चार दिवसांत ९०० ग्रॅम. नियम असा होता : सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ६ वाजता, लघवी झाल्यावर, वॉर्डचा गाऊन, अनवाणी, तोच काटा, पाठ आकड्याकडे. सगळं पाळलं होतं. पण आकडा खाण्याशी जुळत नव्हता, म्हणून लघवीची घनता पाहिली. १.००२. पाण्यासारखी. पहाटे पाचला तिने बाथरूमच्या नळाचं लिटरभराहून जास्त पाणी प्यायलं होतं, कमी झालेलं वजन लपवायला. रक्तातलं सोडियम १३१ वर उतरलं होतं. अशा पाण्याने झटकेही येऊ शकतात. दुसऱ्या दिवशी खरं वजन निघालं, ३४.४.

कुणी तिला रागावलं नाही. सिस्टरने पलंगावर बसून सांगितलं, “आकडा कमी आला तर आम्ही ओरडू असं वाटलं ना? आकडा आमच्यासाठी आहे, औषधाचा डोस ठरवायला. चुकीचा आला तर डोस चुकतो.” मग तिने लग्नातलं ते वाक्य पहिल्यांदा सांगितलं. निदानासाठी झालेल्या तीन मुलाखतींत ते आलं नव्हतं.

त्यानंतर बदल झाले ते कर्मचाऱ्यांत. शरीरावर कुठलीही टिप्पणी नाही, चांगलीसुद्धा नाही. हे वॉर्डातल्या मावशींना, डब्बा आणणाऱ्याला आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. ‘छान दिसतेस’ ऐवजी ‘तुला भेटून बरं वाटलं’. पाळी बदलताना तोंडी निरोप बंद, सवलत द्यायची तर फक्त आठवड्याच्या बैठकीत, सगळ्यांच्या संमतीने. वजनाच्या आधीचा एक तास नजरेखाली, आणि लघवीची घनता दरवेळी. रात्रीच्या सिस्टरना दोष दिला गेला नाही. त्यांची दया खरी होती, ती फक्त एकटीने दाखवायची नव्हती.

घरी पाठवताना

सात आठवड्यांनी वजन ३८.१, नाडी ६२, बीएमआय १५.३. आजार संपला नव्हता, फक्त घरी सांभाळण्याजोगा झाला होता. आईने शेवटच्या दहा दिवसांत रोज एक जेवण सिस्टरच्या शेजारी बसून स्वतः दिलं. ताट काय वाढायचं हे आई-वडील ठरवणार, मुलगी नाही, आणि दोघांचं म्हणणं एकच असणार, हे या उपचाराचं मर्म. वडील पाघळत, आई चिडत. त्यावर वॉर्डातच काम झालं. “आम्ही होस्टेलला पाठवलं म्हणून झालं का हो हे?” असं आईने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “कारण शोधण्यात जाणारा वेळ आपण ताटाला देऊ.”

नीटचं वर्ष सोडलं. घरातला वजनकाटा बाहेर गेला. जिने, स्ट्रेचिंग, उभं राहून अभ्यास बंद. उपवासांचा प्रश्न आजीने सोडवला, “आजाऱ्याला व्रत माफ असतं, मी सांगते.” ओपीडी दर आठवड्याला, प्रत्येक वेळी वजन, उभं-आडवं रक्तदाब, पोटॅशियम. परत भरती कधी, हे आकड्यांत लिहून दिलं : सलग दोन आठवडे वजन उतरलं, नाडी ५० खाली आली, चक्कर येऊन पडली किंवा जगण्याविषयी तसं काही बोलली तर. मधल्या रात्रींसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फ्रिजवर.

चौथ्या महिन्यात, वजन ४३.३ असताना, हरतालिका आली. चार दिवस आधी आईने फोन करून विचारलं. ठरलं असं की पूजेला बसायचं, पत्री तिने आणायची, आणि तिची सहाही खाणी ठरल्या वेळी. त्या गुरुवारी वजन ४३.१ भरलं. लघवीची घनता ठीक होती, दोनशे ग्रॅम खरोखरच गेले होते. पूजेच्या गडबडीत दुपारचं दूध राहून गेल्याचं तिने स्वतःच सांगितलं. रात्रीच्या दुधात दोन चमचे शेंगदाण्याचं कूट वाढवलं आणि पुढची तारीख सात दिवसांनीच दिली.